ताटांच्या जागी पुस्तकं

नवा ओटा, नवी कपाटं झाली, अन् मुलानं स्वयंपाकघरातली जुनी स्टीलची मांडणी भंगारवाल्यासाठी अंगणात काढून ठेवली. मी अडूनच बसले. माझी पुस्तकं इतकी वर्षं पलंगाखालच्या पेटीत पडलेली, त्यांना जागा नको का? मांडणी मी बैठकीतच ठोकायला लावली.

सून म्हणाली, "आई, आल्यागेल्यायले काय वाटन?"

"वाटू दे वं."

ताटांच्या खाचांत पातळ पुस्तकं कशी ऐटीत उभी राहिली! डब्यांच्या फळीवर जाड ठेवली, कपाच्या आकड्याला चष्मा अडकवला.

संध्याकाळी शेजारीण आली. "काकू, आज जेवायले पुस्तकं का?"

मी तोंड उघडायच्या आत सूनच म्हणाली, "बसा ना! कोणतं वाढू?"

शेजारीण एक पुस्तक घेऊनच गेली. रिकाम्या खाचेत सुनेनं स्वतःचं आणून लावलं.