सुकटीचा प्रसाद

देवीचा प्रसाद म्हणून मी एकदा चारचौघांना सुकटीची चटणी वाटली, आणि माझ्या पोरीचं लग्न जमलं. मधलं काय झालं ते सांगतो. मला नीट लिहिता येत नाही, तोंडाने बोलतो तसंच कागदावर येतं. आमची ही असती तर तिने सांगितलं असतं, आणि माझ्यापेक्षा बरं सांगितलं असतं. पण ती गेली. आता गोष्ट माझ्या वाट्याला आली.

आमची भुईगावला केळीची वाडी. आमच्या नंदाला तुळिंजचं स्थळ आलं होतं. माणसं मूळची साताऱ्याकडची, इकडे ब्लॉक घेऊन राहिलेली. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. मुलाचे वडील तर इतके गरीब स्वभावाचे, की त्यांना आमची गोठ्याची भिंतसुद्धा पसंत पडली होती! अडलं होतं मुलाच्या आईपाशी. सुपारी फोडायचा विषय काढला की बाई म्हणायच्या, "बघू की. घाई काय हाय?"

ही म्हणायची, "त्यांनी एकदा माझ्या हातचं पोटभर खाऊ दे. मग बघा होकार येतो की नाही." आणि ते काही उगाच नव्हतं. हिच्या हातची तांदळाची भाकरी खाऊन माझ्यासारखा माणूससुद्धा दोन मिनिटं गप्प बसायचा. पण विहीणबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा उपास होता, आणि दुसऱ्यांदा आल्या तेव्हा पोट बिघडलेलं होतं. चहा पिऊन गेल्या. ही दोन दिवस उदास.

मग एकदा आम्ही त्यांच्या घरी बसलो असताना टीव्हीवर खाडीपलीकडच्या त्या मोठ्या पाण्याच्या पार्काची जाहिरात लागली. माणसं घसरगुंडीवरून खाली येतायत, पाण्यात पडतायत, हसतायत. विहीणबाई म्हणाल्या, "लई भारी हाय बगा." झालं! हिने ते मनात धरलं. आमचा माल घेणाऱ्या दादरच्या व्यापाऱ्याची तिकडे ओळख होती, त्याने पास आणून दिले. पासाच्या मागे लिहिलं होतं, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई.'

"मग खायचं काय?" हिने विचारलं.

"आत हॉटेल आहे म्हणे."

शेजारचा माणूस जाऊन आला होता. तो म्हणाला, "दादा, तिथे एका डोशाच्या पैशात आपल्या वाडीतला केळीचा अख्खा लोंगर येईल."

ही मटकन खाली बसली. मला वाटलं पैशाच्या धसक्याने. पण नाही. म्हणाली, "त्यांच्या हॉटेलातला डोसा खाऊन विहीणबाईंना माझ्या हाताची चव कशी कळणार हो?"

तेव्हा ठरलं. जेवण न्यायचं, आणि लपवून न्यायचं. हिने पहाटे उठून मोठा स्टीलचा डबा भरला. तळाला सुकटीची चटणी, चांगली लसूण-कोकम घालून परतलेली. तिच्यावर केळीच्या पानात गुंडाळलेल्या भाकऱ्या. सगळ्यात वर घरची सुकेळी, वाडीतलीच केळी उन्हात सुकवलेली, मधासारख्या रंगाची. डब्यावर फडकं, फडक्यावर टॉवेल, टॉवेलावर नंदाचे कपडे. मला एकच ताकीद दिली. "गेटवर तुम्ही तोंड उघडायचं नाही."

(लग्न झाल्यापासून ही ताकीद मी रोज ऐकत आलो. एक दिवस पाळली असेल तर शपथ!)

मुलगा कामावर होता. व्याही, विहीणबाई, आम्ही दोघं आणि नंदा असे आमच्या केळी वाहायच्या टेम्पोतून निघालो. विहीणबाईंना मानाने पुढे बसवलं. गेटवर रखवालदार बॅगा तपासत होता. नंदाची बॅग उघडली. कपडे काढले. टॉवेल काढला. फडक्याला हात घातला. ही काहीतरी सांगणार, एवढ्यात माझ्या तोंडातून निघून गेलं, "ए, हात नको लावू! प्रसाद आहे देवीचा!"

रखवालदाराने झटकन हात मागे घेतला. टोपी काढली. "कौनसी माता का, अंकल?"

"गावदेवी. बहुत कडक है."

मी हिच्याकडे बघितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. हिचा चेहरा असा, की मी देवीचा नारळ फोडायच्या ऐवजी देवीचंच डोकं फोडलंय.

तेवढ्यात रखवालदाराने दोन्ही हात पसरून पुढे केले. "थोडा हमको भी दीजिए."

आता बघा. मी कुणाला तोंडावर नाही म्हणायला कधी घाबरलो नाही. वर्गणीवाल्यांना नाही म्हटलं, पुढाऱ्याला नाही म्हटलं, सख्ख्या मेव्हण्याला तर दारातूनच नाही म्हटलं. पण प्रसाद मागायला पसरलेल्या हाताला नाही कसं म्हणायचं? दिलं एक सुकेळं. त्याने डोळे मिटून तोंडात टाकलं, आणि ओरडला, "अरे शर्माजी! आओ, प्रसाद!"

शर्माजी आले. तिकीटवाली आली. झाडूवाली मावशी आली. मागे लायनीत उभी माणसं हात पुढे करून सरकायला लागली. मी झाकण लावायला गेलो तर हिने माझा हात धरला.

"लावू नका."

"अगं, विहीणबाईंचं जेवण आहे!"

"होतं. आता देवीचं नाव घेतलंत ना? मग ते आपलं राहिलं नाही. मागेल त्याला द्यायचं."

"मी खोटं बोललो गं!"

"तुम्ही खोटं बोललात. या माणसांनी तर खरं मानूनच हात पसरलेत ना?"

मी झाकण बॅगेत टाकलं.

आत गेलो. झाडाखाली चादर टाकली. नंदा पाण्यात गेली, व्याही काठावर पाय सोडून बसले, विहीणबाई चादरीच्या कोपऱ्यात पदर आवळून बसल्या. आणि आमच्या चादरीसमोर लाईन! गेटवरून बातमी आमच्या आधी आत पोचली होती. ओले कपडे, हातात रबरी टायर, कपाळाला हात लावून माणसं प्रसाद घेतायत. सुकेळी संपली. मी हात जोडून म्हटलं, "संपला हो प्रसाद!"

एक जाडगेलासा माणूस वाकून म्हणाला, "काका, खाली पानात काहीतरी दिसतंय की."

भाकऱ्या निघाल्या. हिने तुकडे करून वाटल्या. आणि भाकरी उचलली तसा तो वास सुटला! सुकटीचा! पार्कातल्या क्लोरीनच्या पाण्यावर, तेलाच्या वासावर चढून तो वास पसरला. मी डोळे मिटले. म्हटलं, आता मार खातो. प्रसादात सुकट!

जाडा माणूस म्हणाला, "मावशी... ही सुकट आहे?"

ही शांतपणे म्हणाली, "आमच्या देवीला चालते. ज्याला चालते त्याने घ्या, नाहीतर नमस्कार करून पुढे जा."

पुढे कोण जाणार! उलट मागे गेलेले परत आले! हॉटेलातले ते भाव बघून सगळी पार्कभर उपाशी फिरत होती बिचारी. एक बाई तर खाता खाता रडायला लागली. म्हणाली, "आई गेल्यापासून अशी खाल्ली नव्हती." हिने तिला आणखी एक चमचा वाढला. (मी आतून जळत होतो. आज त्या बाईचं कळतं मला.)

डबा चाटूनपुसून रिकामा झाला, आणि तेव्हा कोपऱ्यातून विहीणबाई पुढे सरकल्या. हात पसरला.

"ताई, आमास्नी?"

हिने डब्यात बघितलं. तळाला तेलाचा डाग आणि भाकरीचा चुरा. हिने बोटांनी तो चुरा गोळा केला, चिमूटभर झाला असेल, आणि विहीणबाईंच्या हातावर ठेवला. हिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं मला दिसलं. तिसऱ्यांदा ही बाई आमच्याकडून उपाशी जाणार होती. विहीणबाईंनी चुरा कपाळाला लावला, अर्धा व्याह्यांना दिला, आणि एवढंच म्हणाल्या, "बरं."

त्या 'बरं'चा अर्थ काय हे मला कळेना. मी उठलो. म्हटलं, "बाहेर नाक्यावर वडापावची गाडी बघितलीय. घेऊन येतो."

हिने पदर खोचला. "आणा. पण पुन्हा देवीचं नाव घेतलंत, तर मी इथून पायी घरी जाईन."

बाहेर जाताना गेटवर मनगटावर जांभळा शिक्का मारला. शिक्का दाखवला की परत आत घेतात. मी गाडीवर गेलो, गरम वडापाव बांधून सांगितले, आणि ते हातात घ्यायच्या आधी काय केलं? हात धुतले. साबण लावून, मनगटापर्यंत. अन्नाला हात लावायच्या आधी हात धुवायची हिने मला लावलेली सवय! सगळा जन्म मी त्या सवयीवरून कुरकुरलो, आणि नेमकी त्या दिवशी न सांगता पाळली.

गेटवर आलो. मनगट पुढे केलं. कोरं! आणि दुसऱ्या हातात तेल सुटलेली कागदाची पिशवी.

रखवालदार तोच. आनंदाने म्हणाला, "अरे, प्रसादवाले अंकल! फिर प्रसाद लाए क्या?"

बघा मंडळी. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. पण हिचं काही सांगता येत नव्हतं. ती खरंच पायी गेली असती, आणि वर देवीची क्षमा मागत गेली असती.

"प्रसाद नहीं," मी म्हटलं. "वडापाव है."

त्याचा चेहरा पडला. "तो फिर अंदर नहीं जाएगा, अंकल."

"मैं?"

"आप भी नहीं. छाप कहाँ है?"

मी बाहेर, माणसं आत! त्यालाच माझी दया आली. म्हणाला, "रुकिए, माईक पे बुलवाता हूँ." आणि सगळ्या पार्काच्या भोंग्यांमधून आवाज आला, "प्रसादवाले अंकल गेट पर खड़े हैं! प्रसादवाले अंकल का परिवार, गेट पर आ जाए!"

परिवार आला. परिवाराच्या आधी अर्धं पार्क आलं! ओली माणसं टायरसकट गेटला भिडली. तो जाडा सगळ्यात पुढे, हात पसरून. मागून ही येताना दिसली, तिच्यामागे विहीणबाई. मी पिशवी पोटाशी धरली आणि असा ओरडलो, की माईकची गरज पडली नाही.

"प्रसाद नाही! वडापाव आहे! आणि तो माझ्या व्याह्यांचा आहे! आता साक्षात देवी जरी आली तरी एक देणार नाही!"

पसरलेले हात खाली आले. मग जाडा म्हणाला, "काका, असं आधी सांगायचं ना," आणि टायर उचलून गेला. (साक्षात देवीचं नाव मी पुन्हा घेतलंच होतं. पण हिने ते सोडून दिलं.)

आमची माणसं बाहेर आली. टेम्पोच्या हौद्यात, केळीच्या सुकल्या पानांवर बसून आम्ही वडापाव खाल्ले. विहीणबाईंनी पहिला खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याला हात घातला. ही चोरून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "विहीणबाई, परत आत जायचं असेल तर बोलून बघते हो गेटवर. तुम्हाला पार्क बघायची हौस..."

"मला?" विहीणबाईंना ठसकाच लागला. "अवो ताई, मला पान्याचं लई भ्या वाटतं! सकाळधरनं जीव मुठीत धरून बसलेय. आमाला वाटलं तुमास्नीच हौस हाय, म्हनून आलो!"

व्याही हळूच म्हणाले, "मला तर सर्दी व्हते."

मी नंदाकडे बघितलं. नंदा म्हणाली, "मला मजा आली." चला, एक तरी!

मग ह्या दोघी अशा हसल्या की टेम्पो हलायला लागला. हसून झाल्यावर विहीणबाईंनी तोंड पुसलं, आणि एकदम गंभीर झाल्या.

"ताई, एक इचारते. भरला डबा लोकांत संपला, पन झाकन न्हाई लावलं तुमी. पोरगी तुमच्या वळनावर गेलीय का?"

"गेलीय थोडी."

"मग उद्या सुपारी फोडू." आणि माझ्याकडे डोळे वळवून म्हणाल्या, "बापाच्या वळनावर गेली आसंल तर मातुर आत्ताच सांगा."

"छे हो!" ही म्हणाली. "बापाचा तेवढा रंग घेतलाय."

लग्न झालं. थोड्याच दिवसांत आमच्या वाडीत फोन वाजला. पलीकडून विहीणबाईंचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "ताई, फसवलंत आमाला! तुमची पोरगी कुनालाबी तोंडावर बोलती! काल माज्या भावाला दारातनंच लावून दिला! ही बापाच्याच वळनाची हाय!"

ही हसून हसून खाली बसली. म्हणाली, "विहीणबाई, तुम्हाला आत्ता कुठे सुरुवात झालीय. मी सगळा जन्म काढतेय. सवय होते हो!"

तिला झाली होती. आता घरात माझ्यासोबत मी एकटाच असतो, आणि खरं सांगतो, माझी सवय मला अजून झालेली नाही!