तुटक हात

टेपमास्तर जन्मापासून बहिरे. गळ्यातली मोजपट्टी झोपतानाच काय ती उतरायची, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. बायकोही बहिरी. ते कपडे बेतायचे, शिवायचे. ती शेजारच्या स्टुलावर बसून काजं-बटणं करायची. दोघांच्या गप्पा हातांनी चालायच्या, आणि एकदा रंगल्या की गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं. भांडणही हातांनीच. त्या भाषेत अहो-जाहो नसतं, त्यामुळे तीही त्यांना ‘तू’च म्हणायची.

लेक मात्र ऐकती-बोलती. आईबापांची भाषा ती कडेवर असतानाच शिकली.

बायको आजारी पडली तेव्हा मोठ्या इस्पितळासाठी तिला परगावी बहिणीकडे ठेवावं लागलं. तिथून ती मोबाइलवर स्वतःचे व्हिडिओ काढून पाठवायची. शेवटचा आला तो ती गेली त्याच दिवशी. तो उघडायचा मास्तरांना धीर झाला नाही. आज बघू, उद्या बघू करता करता वर्षं गेली आणि तो जुना फोनच बंद पडला. दुरुस्तीवाल्याने आतल्या फाइली कशाबशा कार्डावर काढून दिल्या, पण नव्या फोनवर एकही उघडेना. फॉरमॅट जुना झाला होता.

लेक म्हणाली, इंटरनेटवर अशा वेबसाइट असतात. आपली फाइल त्यांच्याकडे पाठवायची, त्या ती नव्या फॉरमॅटमध्ये बदलून देतात.

‘म्हणजे ती परक्या लोकांत जाणार?’ मास्तरांच्या हातांनी विचारलं.

‘कुणी बघत नाही, बाबा. सगळं मशीनच करतं. आणि जाते ती नुसती नक्कल. खरी इथेच राहते.’

मास्तरांनी हातातली बाही पुरी केली, दोरा तोडला आणि मग मान हलवली. आधी शेवटचीच कर, म्हणाले.

थोड्या वेळात फाइल बदलून आली. मास्तर उभ्यानेच बघू लागले आणि लगेच त्यांनी तोंड फिरवलं.

‘ही तुझी आई नाही. हिला तोतरं करून टाकलंय.’

लेकीला कळेना. तिला चित्र दिसत होतं, आवाजही येत होता. मग तिने आवाज बंद करून वडिलांसारखं नुसतं पाहिलं. आईच्या एका हाताला सलाइनची सुई होती, म्हणून ती एकाच हाताने बोलत होती. आणि तो हात छातीवर असायचा तो एकदम कपाळाशी दिसायचा. मधलं सगळं गिळलेलं. फाइल लहान व्हावी म्हणून वेबसाइटने मधलीमधली चित्रंच गाळून टाकली होती. कानांनी बघणाऱ्याला ते जाणवलं नसतं.

लेकीने सेटिंग शोधून काढलं, सगळी चित्रं मूळ होती तितकीच ठेवली आणि फाइल पुन्हा पाठवली. या वेळी काम मुंगीच्या पावलांनी चाललं. मास्तर मांडीवर हात ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या खेपेला हात वाहता आला.

‘झोप येतेय,’ ती सांगत होती. ‘पायांवर ऊन आलंय. बरं वाटतंय. तू घाबरला असशील. मी नाही घाबरले. जेवून घे.’ पुढे ती कशाला तरी हसली आणि फोन कलंडला.

मास्तरांनी कलंडलेलं चित्र संपेपर्यंत पाहिलं. मग त्यांनी सावकाश सांगितलं, ‘मला वाटायचं, ती भ्यालेली दिसेल. म्हणून उघडत नव्हतो.’

लेकीने डोळे पुसले. ‘बाबा, हसताना तिचा आवाज येतो यात.’

‘तिला आवाज होता?’

‘होता.’

‘कसा?’

आवाज कसा होता हे हातांनी कसं सांगायचं? लेकीने त्यांचा तळवा उचलून आपल्या गळ्यावर ठेवला आणि आईसारखं हसून दाखवलं. जाडसर, अडखळत वर चढणारं हसू. मास्तरांनी तळवा काढला नाही. पुन्हा एकदा, असं त्यांनी दुसऱ्या हाताने खुणावलं.

बाकीच्या फाइली लेकीने हळूहळू तशाच बदलून दिल्या. एकीत बायको इस्पितळातल्या बेचव पेजेला नावं ठेवत होती. ती बघताना मास्तर खूप दिवसांनी खळखळून हसले. आपलाही आवाज निघाला असेल, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं.