चार नंबरच्या प्रेसचे मिस्त्री

चाकणच्या पट्ट्यात आजारी पडणाऱ्या यंत्रांपैकी निम्मी तरी केवळ आमच्या मिस्त्रींची भेट व्हावी म्हणूनच आजारी पडत असावीत, असं माझं फार जुनं मत आहे. मिस्त्री म्हणजे आमच्या कारखान्यात पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या ज्या अवाढव्य प्रेस आहेत, त्यांच्या दुरुस्तीचे फोरमन. हुद्दा फोरमनचा, पण थेट मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. माणूस मूळचा पुनावळ्याचा. गावच्या शेतांत वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या, भाऊबंद चारचाकीतून फिरायला लागले, पण यांची स्कूटर आणि यांची बोली जागची हलली नाही. कामावर आल्यावर आधी चहा नाही की रामराम नाही. प्रत्येक प्रेसच्या अंगावर तळहात टेकवत एक फेरी मारायची, गोठ्यातल्या म्हशींना थोपटत जावं तशी. "हिला कणकण हाय," असं ते म्हणाले की दुपारपर्यंत त्या प्रेसचं तेल कुठून तरी गळायला लागायचंच. मी कॉम्प्युटर विभागातला शिकलेला माणूस, त्यामुळे मला हे थोतांड वाटे. पुढे वाटेनासं झालं.

त्यांचे नियम त्यांचे स्वतःचे होते, आणि ते मोडण्याची कुणाची टाप नव्हती. दुसऱ्याचा पाना ते हातात धरत नसत आणि स्वतःचा दुसऱ्याला देत नसत. "बायकोचा डबा आन् आपला पाना वाटायचा नस्तो," हे त्यांचं वचन. त्यातला डबा मात्र ते रोज अर्ध्या प्रेसशॉपला वाटत. यंत्र बंद पडलं की इंजिनियर मंडळी नकाशे उलगडत आणि मिस्त्री कामगारांत जाऊन एकच प्रश्न विचारत, "शेवटचा हात कुनाचा लागला?" कबूल कोण करणार? सगळे छताकडे बघत. एकदा चार नंबरची प्रेस तीन तास ठप्प होती. मिस्त्रींनी एकेकाला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेबाला न्हाई सांगत, फकस्त मशिनीला सांगतो." तिसऱ्याच ऑपरेटरने मान खाली घातली. पठ्ठ्याने मागच्या सेन्सरवर ओला नॅपकिन वाळत घातला होता! साहेबांना मिस्त्रींनी काय सांगितलं, तर "मशिन जरा घुश्शात व्हती". त्या ऑपरेटरचं नाव साहेबांना आजतागायत कळलेलं नाही.

असा माणूस निवृत्त होणार म्हटल्यावर कारखान्याला घाम फुटला. सगळी माहिती त्यांच्या डोक्यात, कागदावर काडीचं नाही. तेव्हा मी एक ॲप बनवून त्यांच्या फोनवर टाकलं. मिस्त्रींनी यंत्रापाशी उभं राहून त्याच्या खोडी बोलत जायच्या, आवाज साठत जाईल आणि मागाहून येणाऱ्यांना ऐकता येईल, अशी योजना. खुर्चीत बसवून त्यांना बोलतं करण्याचा प्रयत्न आधी झाला होता, त्या तासाभरात ते एवढंच बोलले, "मशिनी बऱ्या हायेत." यंत्राला हात लागल्याशिवाय त्यांना काही आठवतच नसे. ॲपवर मात्र गडी खुलला. आणि शेवटचा आठवडा उजाडला, फक्त चार नंबरची, सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत अवली प्रेस तेवढी उरली, तेव्हा मंगळवारी ॲप अडून बसलं.

उघडलं की ते सरळ डीबग मोडमध्ये जाई. म्हणजे आत काय बिघडलंय ते तपासायला आमच्यासारखे लोक ॲपला ज्या अवस्थेत नेतात, तीत. "तपासणाऱ्याची वाट पाहतोय" अशा अर्थाची इंग्रजी पाटी यायची आणि पुढे ढिम्म. माझ्या टेबलावर कॉम्प्युटरला वायर जोडली की शहाण्यासारखं चाले. वायर काढून प्रेसपाशी नेलं की पुन्हा पाटी.

"आरं, ह्ये वाट कुनाची बघतंय?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझ्या कॉम्प्युटरची."

"मंग आन की त्याला हितं! येवढं बोलवतंय बिचारं."

दुसऱ्याचा फोन घ्या म्हणावं, तर तो पान्याचा नियम आडवा आला. मी बुधवारभर सगळा प्रोग्रॅम ओळीओळीने चाळला. दोनदा नव्याने बांधला. जी कंपनी फोन बनवते तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. शनिवारी मिस्त्री फाटकाबाहेर पडणार आणि चार नंबरची अक्कल त्यांच्याबरोबर स्कूटरवर बसून जाणार, या धास्तीने माझं जेवण गेलं. गुरुवारी ते माझ्या टेबलाशी आले, उभ्या उभ्या थोडा वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "शेवटचा हात कुनाचा लागला?"

मला रागच आला. "कुणाचा लागणार, मिस्त्री? फोन तुमच्याच खिशात असतो."

"सोमवारी तू घेतला व्हतास न्हवं? आवाज तुटतोय म्हनून?"

मी चपापलो. घेतला होता खरा. तो दोष शोधायला फोनच्या सेटिंगमध्ये पार खोल जाऊन "हे ॲप उघडताना तपासणाऱ्यासाठी थांब" ही खूण मीच केली होती, आणि मीटिंगचं बोलावणं आलं म्हणून तशीच ठेवून पळालो होतो. प्रोग्रॅममध्ये काही नव्हतंच. खूण काढायला अर्धं मिनिट लागलं. मी छताकडे बघत म्हटलं, "झालं बघा. किरकोळ अडचण होती." मिस्त्रींनी फोन खिशात टाकला. संध्याकाळी साहेबांनी काय झालं होतं म्हणून विचारलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मिस्त्री म्हणाले, "काय न्हाई. मशिन जरा घुश्शात व्हती."

उरलेले दोन दिवस ते चार नंबरच्या प्रेसला खेटून बोलत होते. सगळ्या खोडी सांगून झाल्यावर त्यांनी दोन मिनिटं नुसता प्रेसचा आवाज भरून घेतला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आजार वळखायचा आसंल तर आदी बरा आवाज कानात पायजे, बाळा." शनिवारी हार झाला, नारळ झाला, भाषण करा म्हटल्यावर ते नुसते हात जोडून उभे राहिले आणि मग गेले.

चार नंबरची आता कुरकुरली की पोरं त्यांचं बोलणं ऐकून तिला वठणीवर आणतात. तो दोन मिनिटांचा नुसता आवाज मात्र कुणी लावत नाही. परवा ॲपवर कोण काय ऐकतं याची यादी चाळताना कळलं, की तो रोज सकाळी एकदा वाजतो, मिस्त्रींच्या फोनवर, तिकडे पुनावळ्यात. मला त्या माणसाची इतकी आठवण येईल असं वाटलं नव्हतं. निवृत्त झालेल्या माणसाचं ॲपवरचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, असा आमच्याकडे नियम आहे, आणि वरून मला त्याबद्दल दोनदा विचारणा झालेली आहे. तांत्रिक अडचण आहे, शोधतोय, असं मी दोन्ही वेळा कळवलंय.