गोखिवऱ्याच्या बसचे गणित

प्रा. केशव राऊत सरांची आणि माझी ओळख वसईला, पूर्वेच्या बसथांब्यावर झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मुंबईतल्या कचेरीतून परतले होते. सरांनी विचारले, "बाई, बस आली नाही तर किती वेळ वाट बघाल?" मला वाटले, हे गृहस्थ आता विमा गळ्यात मारणार. मी फटकारले, "ही बस बंदच होणार आहे. मग मी नोकरी सोडून घरी बसणार."

ते खरेच होते. गोखिवऱ्याची बस रिकामी धावते म्हणून आगारात ती बंद करायचे ठरत होते. अंधारात रिक्षावाले तिकडे यायला तयार नसत आणि बस गेली तर नोकरीही सोडायची, असे सासरच्यांनी मला निर्वाणीचे सांगितले होते.

सर गणिताचे प्राध्यापक, त्यांचा तर ध्यासच हा! प्रवासी, बसगाड्या, ताटकळणे, सगळे आधी समीकरणांत मांडायचे, मग संगणकावर लुटुपुटीचे प्रवासी सोडून अख्खी संध्याकाळ चालवून बघायची. त्यांनी आगारातल्या साहेबांना सुचवले, बस घड्याळावर नको, लोकल आल्यावर सोडा. खूप मनधरणी केल्यावर आठवडाभराची मुदत मिळाली.

संगणकावर बस भरली. रस्त्यावर मात्र पहिल्याच संध्याकाळी रिकामी गेली. दुसरा कोणी असता तर ड्रायव्हरला दोष देऊन मोकळा झाला असता. सरांचा चेहरा खुलला. "आपलं गणित चुकलं, सुलभाताई. चला, कुठे ते बघू."

दुसऱ्या दिवशी ते स्टेशनच्या पुलापासून माझ्याबरोबर चालले. मी सवयीने भाजीबाजारात वळले.

"अहो, बस सुटेल ना?"

"सुटू दे. भाजी नेली नाही तर रात्री शिजवू काय?"

सरांनी आजूबाजूला पाहिले. गोखिवऱ्याच्या झाडून सगळ्या बायका तिथेच मेथी निवडत होत्या. सर पोट धरून हसले. त्यांचे संगणकातले प्रवासी भाजी न घेताच थेट थांब्यावर जात होते! सरांनी लगेच गणितात बाजार घातला, घासाघीसही घातली. बस बाजाराच्या पलीकडच्या टोकाला, जरा उशिरा उभी राहू लागली. त्या धावपळीतही सरांच्या बागेतली राजेळी केळी आम्हा बायकांना पोचत होती.

शेवटच्या संध्याकाळी सर स्वतः बघायला आले. मी कशीबशी आत शिरले. कंडक्टरने सरांना दारातच अडवले, "काका, जागा नाय. चालत जावा."

सर खाली उभे राहून टाळ्या पिटत होते. "सुलभाताई, नोकरी सोडू नका हं."

नाही सोडली, सर. आजही त्याच बसने घरी येते. तुमची पंचाहत्तरी झाली, आता शंभरी ठणठणीत गाठा, आणि एकदा तरी या बसमध्ये तुम्हाला बसायला जागा मिळो.