दोर बोलतो

माझ्या दारावरून जाताना तो एकटाच दोन माणसांचा रामराम घालायचा. आधी आपल्या आवाजात, "रामराम, बापू." मी ओट्यावर, तोंड फिरवून बसलेला. मग आवाज जाड करून माझ्या वतीनं तोच म्हणायचा, "रामराम, बाबा. बरं हाय ना?" पुन्हा आपल्या बारीक आवाजात, "बरं हाय, बरं हाय," करत काठी टेकत पुढं. आमची ही आत पदर तोंडाला लावून हसायची. असं बारा-तेरा वर्षं चाललं. मी एकदाही बोललो नाही. माझा हट्ट गावाला ठाऊक आहे, तुम्हालाही कळेल.

गाव त्याला बाबा म्हणायचं. विहिरी खणण्यात त्याची हयात गेली. आता क्रेन आल्या. तेव्हा कमरेला दोर बांधून माणूस खाली सोडायचे. डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगात गेलेली. कुणी जुन्या विहिरीचं विचारलं की उरलेली तीन बोटं पुढं करून म्हणायचा, "बघितलं तेवढं सांगतो. ऐकलेलं सांगाया गाव बसलंय."

ह्या बोलण्यापायीच आमचं बिनसलं. माझ्या आणि चुलतभावाच्या बांधावर एक विहीर आहे. माझं म्हणणं, ती माझ्या बापानं एकट्यानं खणली. मी कोर्टात गेलो. चुलतभावानं साक्षीला बाबाला आणलं. तो सरळ म्हणाला, "ह्यांच्या बापांनी, दोघा भावांनी मिळून खणली. निम्मी-निम्मी."

माझ्या वकिलानं उलट विचारलं, "तुम्ही खाली खड्ड्यात. वर कोण आहे ते तुम्हाला कसं दिसणार?"

"दिसायचं काय काम? दोर बोलतो की, सायेब. रोज दोघंच भाऊ दोर धरायचे, कधी ह्यो, कधी त्यो. एक हात गपकन वढायचा, दुसरा दमानं. गपकन वढायचा त्यो ह्याचा बाप. लई धसमुसळा. दोनदा माझं डोस्कं कपारीला लागलं."

कोर्ट हसलं. दारातला शिपाईसुद्धा हसला. माझा बाप, भर कोर्टात धसमुसळा! मी वकिलाचा कोट ओढला. "हे लिहू देऊ नका." वकिलानं उठून हरकत घेतली. तेवढ्यानं माझं भागलं नाही, मी जागेवरूनच ओरडलो, "खोटं बोलतोय त्यो!" साहेबांनी मला दटावलं. त्यांनी पुढं काय लिहून घेतलं, ते रागात मला ऐकू आलं नाही.

नंतर पंचांनी आम्हाला समोरासमोर बसवलं. चार दिवस त्याची मोटर, चार दिवस माझी. दावा मी मागं घेतला. ठरलं ते सगळं तोंडी. पाण्याचं मिटलं, बाबाशी बोलणं मात्र मी टाकलं.

तो गेला तेव्हा मी मयतीला गेलो नाही. पाण्याची पाळी आहे म्हणून सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवशी पाळी चुलतभावाची होती.

पुढं चुलतभाऊही गेला. त्याचा लेक म्हणतो, "मोजणीत विहीर माझ्या गटात आली, माझ्या आजोबांनी एकट्यानं खणली." त्यानं माझी मोटर उचलून बांधावर ठेवली. माझी लिंबोणी फुलावर आलेली. पानं वळायला लागली. पुन्हा कोर्ट.

माझ्या नव्या वकीलबाईंनी विचारलं, "आजोबा, खणताना पाहिलेलं कोणी हयात आहे?"

"न्हाई."

"मग मेलेल्या माणसाची जुनी साक्ष लावू. विहीर तीच, भांडण तुम्हा दोन घरांचंच, आणि साक्षीदारही त्यांनीच आणलेला. पण 'दोघांनी खणली' एवढ्यानं भागणार नाही. त्याला ते कसं ठाऊक, ते कागदावर आलेलं पाहिजे."

त्याला ठाऊक होतं ते दोरावरून. आणि दोराचं लिहू नका म्हणून मीच हटून बसलो होतो.

घरी ही म्हणाली, "घाला आता रामराम त्याला."

त्या जुन्या साक्षीच्या नकलेसाठी कोर्टात तीन खेपा झाल्या. एकदा फाईल सापडेना, एकदा कारकून रजेवर. तो महिनाभर मला भाकरी गोड लागली नाही. रोज वळलेलं पान चुरगाळून बघायचो आणि आठवायचो, साहेबांचं पेन तेव्हा हलत होतं का थांबलं होतं?

नक्कल हातात आली. मी तिसरी शिकलो. पण हे दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं नव्हतं. कोर्टाच्या पायरीवर बसून एकेका अक्षरावर बोट ठेवत गेलो. 'हरकत फेटाळली.' खाली, 'एक हात गपकन ओढत असे, दुसरा दमाने.' धसमुसळाही लिहिलं होतं. बापाला नावं ठेवलेली वाचून डोळे भरले असा लेक मीच असेन. पण त्याच्याही खाली एक ओळ होती. 'वादी जागेवरून ओरडला की साक्षीदार खोटे बोलतो. समज दिली.'

माझ्या उलटतपासणीत पुतण्याच्या वकिलानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "ज्याची साक्ष आज तुम्ही लावताय, त्याला तुम्हीच खोटा म्हणाला होता ना?"

मी कठडा धरला. वकीलबाई खाली बघत होत्या.

"म्हनालो हुतो."

"मग खोटं कोण? तो, का तुम्ही?"

सत्तरी उलटली माझी, कुणापुढं मान खाली घातली नाही. लिंबोणी डोळ्यांपुढं आली, पण तिच्यासाठी बोललो असं म्हणणार नाही.

"मी. त्यानं बघितलं तेवढं सांगितलं. माझा बाप धसमुसळाच हुता, आन मी त्याच्यावर गेलो."

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

निकाल अजून लागायचा आहे. मोटर बांधावरच आहे. त्या दिवशी येताना एसटीतून उतरलो आणि मुद्दाम त्याच्या घरावरून आलो. दाराला कुलूप. इकडं-तिकडं बघितलं, कुणी नव्हतं.

"रामराम, बाबा," मी म्हणालो. "बरं हाय ना?"

आता त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं म्हणून आवाज बारीक करायला गेलो. तो काही केल्या मला काढता येईना.