सुमनच्या पेशी

सुमन गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी तिच्यासाठी डब्यात मुगाचं पातळ वरण भरत होते. देवळीहून बस पकडून वर्ध्याला दवाखान्यात जायचं होतं. डबा तसाच ओट्यावर राहिला... त्याला आता दीड महिना झाला. सगळे तिच्याविषयी चांगलंच बोलतात. मीही बोलेन, पण आधी एक सांगून टाकते. मी या मैत्रिणीवर आयुष्यभर जळले.

एमएस्सीला मी पहिली, ती दुसरी. मी देवळीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि ती पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली. हाडाच्या मगजातल्या मूळपेशी शरीरातल्या गाठीकडे आपणहून ओढल्या जातात. त्यांच्यात एक जनुक घालून त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगापर्यंत पाठवायचं आणि तिथे पोचल्यावर फक्त गाठीच्या पेशी मारायच्या, असं तिचं काम. उंदरांमधल्या गाठी त्याने आक्रसल्याही होत्या. शाळेतल्या शिक्षकांत मी तिला ‘उंदरांची डॉक्टरीण’ म्हणायचे. तिच्या कानावर गेलं तर बाईने त्याची चिठ्ठी करून स्वतःच्या टेबलावर चिकटवली! पण माझा खरा राग होता तिच्या पेशींवर. दिवाळीला यायची आणि दुसऱ्या दिवशी पिशवी उचलायची. “पेशी उपाशी राह्यतीन वं.” माझ्या लेकीच्या लग्नातही ती भरल्या पंगतीतून उठून गाडीला गेली.

जन्मात कधी विडीचा धूरही न घेतलेल्या सुमनला शेवटी त्याच रोगाने धरलं. भावाचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना चढवेना, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली.

“तुहं औषध तुलेच काऊन देत नाई?” मी विचारलं.

“मी उंदीर असती तं घेतलं असतं. माणसापर्यंत पोचायले लय वर्षं हायेत अजून.” ती हसली आणि मग बराच वेळ खोकत राहिली. लिहायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मी सुखात होते. ती एकदाची माझ्या वाट्याला आली होती.

कसली येते! रोज सकाळी तिची विद्यार्थिनी पल्लवी पुण्याहून बाटलीत वाढणाऱ्या पेशींचा फोटो पाठवायची. बाटलीचा तळ पूर्ण भरण्याआधी पेशी दोन बाटल्यांत वाटून घ्याव्या लागतात, नाहीतर दाटी होऊन त्या कामातून जातात. पल्लवी नवखी, मॅडमच्या शब्दाशिवाय हात लावायची नाही. सुमन तो फोटो असा बघायची, जसं तिने मला कधी बघितलं नव्हतं. एकदा तिला औषधाने गाढ झोप लागली, आणि मी तिचा फोन स्वयंपाकघरात नेऊन धान्याच्या डब्यामागे ठेवला. दोन दिवस ती मधूनच जागी होऊन फोटो मागायची आणि मी “नेटच नाई” म्हणत राहिले. फोन परत दिला तोवर त्या बाटलीतल्या पेशी टाकून द्याव्या लागल्या होत्या. गोठवलेल्या साठ्यातून पुन्हा सुरुवात, म्हणजे कित्येक आठवड्यांचं काम पाण्यात.

“फोटो काऊन दाखवला नाई वं?”

“तू झोपली होती.”

“माह्या पेशींवर जळून राह्यली तू,” ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मला जवळ बसवलं, स्वतःचा चष्मा माझ्या नाकावर चढवला आणि फोनवर बोट ठेवलं. “पाह्य इथं. एवढीशी जागा उरली का सांगजो, वाटून घे म्हणून. मी नसली तं तू सांगजो.”

पल्लवी आता चांगली तरबेज झाली आहे. तिला माझी काडीची गरज नाही, तरी ती फोटो पाठवते, आता माझ्या फोनवर. सुमनचा चष्मा माझ्याकडेच राहिला, तो लावून मी बघते. लांबट, एकमेकींना बिलगून पसरलेल्या पेशी. सुमनच्या हाताने वाढवलेल्या पेशींच्याच या लेकी-नाती. ती गेली आणि या मजेत वाढताहेत... अजूनही जळते मी. मग उरलेली जागा नीट बघते आणि लिहिते, “आज वाटून घे.”