भोंग्याचं लिव्हर

दुसऱ्याच्या ट्रंपेटला तोंड लावू नये, ही साधी गोष्ट पोस्टातल्या कारकुनाला चाळिशी उलटली तरी कुणी सांगितली नव्हती. नाक वाहतंय, घसा बसलाय, आणि स्वारी निघाली बँडची तालीम ऐकायला! सायकलच्या दुकानावरच्या त्या खोलीत जरा विश्रांती झाली, मास्तर पाणी प्यायला खाली गेले. तेवढ्यात "बघू तरी" म्हणत याने शेजाऱ्याचं ट्रंपेट उचललं आणि गाल फुगवून फुंकलं. बाहेर आली ती नुसती फुसफूस. आत मात्र सर्दी गेली.

या शेजाऱ्याला सगळी गल्ली भोंगा म्हणे. दिवसा तो कुलपं दुरुस्त करी, संध्याकाळी बँडमध्ये वाजवी. बोलणं कमी, आणि जे बोलेल ते हातोडीसारखं. त्याने सदऱ्याच्या टोकाने ट्रंपेटचं तोंड पुसलं, कारकुनाकडे एकदा पाहिलं आणि वाजवायला लागला.

तिसऱ्या दिवशी भोंगा आडवा. ताप, खोकला, अंग असं ठणकतंय की कूस बदलायची तर बायकोला हाक मारायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फ्लू आहे. आठवड्याने ताप गेला, पण अन्नावरची वासना परत येईना, म्हणून त्यांनी रक्त तपासायला लावलं. भोंग्याकडे फोन नव्हता. त्याने बँडमास्तरांचा नंबर दिला आणि तिथेच घात झाला. रिपोर्ट आधी मास्तरांनी वाचला. लिव्हरचे आकडे तिप्पट!

मास्तरांनी आजवर दोन ढोलवाले आणि एक सख्खा मेहुणा दारूपायी बँडमधून हाकलला होता.

"म्हणजे तूही?" ते गरजले.

"मी पीत नाही."

"मग लिव्हर काय पाणी पिऊन बिघडलं?"

"फ्लू झाला होता."

"फ्लू नाकाला होतो! नाक कुठे, लिव्हर कुठे! मधे अख्खा माणूस आहे!"

ट्रंपेट कपाटात गेलं. अकरा वर्षांची जागा एका कागदाने घालवली. कपाटाचं कुलूप भोंग्यानेच बसवलेलं, मनात आणलं असतं तर टाचणीने उघडलं असतं. पण तो नुसता बघत राहिला आणि घरी आला.

"भावोजी, खोकल्याचं औषधसुद्धा हे आधी हुंगून बघतात," भोंग्याची बायको कारकुनापाशी डोळे पुसत म्हणाली, "आणि यांना दारुडा म्हणतात हो!"

दुसऱ्या दिवशी कारकुनाने मास्तरांना हातापाया पडून दवाखान्यात आणलं. भोंगा कोपऱ्यात बसला होता.

डॉक्टरीणबाई हसल्या. "मास्तर, शेजारी भांडण पेटलं की आपल्याकडची भांडी वाजतात ना? विषाणू असतो घशात नि छातीत. पण शरीर त्याच्याशी लढतं, त्याची धग लिव्हरलाही लागते. म्हणून आकडे वर जातात. कावीळ वगैरे बाकी तपासण्या केल्यात, त्या स्वच्छ आहेत. बहुतेकांचे काही आठवड्यांत आपोआप उतरतात. पण तापाच्या गोळ्या किती घेतल्या?"

"तुम्ही दिलेल्या," भोंगा म्हणाला. "आणि याने आणून दिलेल्या."

कारकुनाने खिशातून पाकीट काढलं. नाव वेगळं, औषध तेच.

"म्हणजे दुप्पट! त्याचाही भार लिव्हरवरच," बाई म्हणाल्या. "या गोळ्या बंद. तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू."

"तरी फ्लू आला कुठून?" मास्तर हटेनात. "आमच्या बँडमध्ये कुणी शिंकलंसुद्धा नाही!"

आता कारकुनाला सुटका नव्हती. "मी... त्या दिवशी ट्रंपेट जरा फुंकून पाहिलं. सर्दी होती मला."

मास्तर उभेच राहिले. दारूवर इतके कधी चिडले नव्हते. "माझ्या बँडच्या वाद्याला परक्याचं तोंड? आजपासून तालमीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही!" मग भोंग्याकडे वळून हळूच म्हणाले, "बरा झालास की ये. तुझी जागा तुझीच आहे."

तीन आठवड्यांनी आकडे उतरले. भोंगा पुन्हा वाजवायला लागला, आणि कारकून जिन्याच्या पायरीवर बसून ऐकायला लागला. तालीम सुटल्यावर त्याने न राहवून विचारलं, "अरे, पहिल्याच दिवशी माझं नाव का नाही घेतलंस? एवढं दारुडा म्हणवून घेतलंस, जागा गेली असती की कायमची!"

भोंगा म्हणाला, "तुला हाकलल्यावर, चुका न कळणारा ऐकणारा मी कुठून आणू?"